भिंतीचे नऊ महिने

कवीच्या हातात हत्यार देऊ नये, असं आमच्या घरी एकमतानं ठरलेलं आहे. ठराव बायकोनं मांडला, लेकीनं अनुमोदन दिलं आणि ज्याच्याविरुद्ध तो होता त्या मीही हात वर केला. त्या ठरावामागची हकिकत आज सांगणार आहे. हकिकत माझी असली, तरी तशी भिंत तुमच्याही घरी असू शकते.

२०२३ सालचा सप्टेंबर सरत आला होता. मुंबईला दिलेल्या लेकीला सहावा महिना संपत होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत आमच्या मोहल्ल्यात आहे तशीच शेजारच्या आळीतही आहे. ऑक्टोबरअखेर ती येणार, डिसेंबरात बाळ होणार. पंचवीस वर्षांनी घरात पाळणा हलणार म्हणून मी हरखून गेलो होतो. बाळ-बाळंतिणीसाठी उत्तरेची खोली तयार करायची, असं मी जाहीर करून टाकलं. स्वयंपाकघर लागून, न्हाणीघर दोन पावलांवर, रस्त्याचा गलका नाही. शिवाय लेकीचं बालपण तिथंच गेलेलं. बायको एवढंच म्हणाली, "ती खोली नको." का नको, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हाताशी चांगले चार-पाच आठवडे होते. एका खोलीला असे कितीसे दिवस लागणार, असा माझा हिशेब!

आमचं घर चिपळूणचं. जांभ्या चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, लाकडी तुळया, वर मंगलोरी कौलं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस अंगावर घेणारं हे गाव. त्यात २००५ आणि २०२१, या दोन वर्षांच्या जुलैत वाशिष्ठी थेट घरात येऊन गेली. उत्तरेच्या खोलीतल्या बाहेरच्या भिंतीवर जमिनीपासून कमरेपर्यंत ओलीचे डाग होते. ते इतके जुने, की घरच्या माणसांसारखेच झालेले. तरुणपणी त्या डागांवर मी एक कविता लिहिली होती. दिवाळी अंकात ती छापून आली. अजूनही एखाद्या संमेलनात 'ती भिंतीची म्हणा' अशी फर्माईश होते. तर त्या भिंतीला रंग द्यायचा ठरला. फिकट पिस्त्याचा.

रंगाऱ्यानं भिंत खरवडली, पुट्टी भरली, प्रायमर मारला, रंगाचे दोन हात दिले. चार दिवस मी येणाऱ्याजाणाऱ्याला खोली दाखवत होतो. पाचव्या दिवशी रंगाखाली मटाराएवढे फुगे आले. एक फुगा बोटानं दाबला तर आत पाणी. आठवड्यात पोपडे सुटले आणि आतून मिठासारखी पांढरी भुकटी गळू लागली.

हा पहिला फटका. दुकानदार म्हणाला, "वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारा, वर्षानुवर्षं बघायला नको." मारलं. दहा दिवस डागाचा पत्ता नव्हता. मग तो दिसला, पण कमरेच्या जागी खांद्याच्या उंचीवर! केमिकलचा पट्टा जिथं संपत होता, त्याच्या बरोब्बर वर. ओलीला आपण हाकललं नव्हतं, नुसती माडी चढवली होती.

असं का होतं, ते मला पुढं समजलं. दिव्याच्या वातीतून तेल जसं वर चढतं, तसंच जमिनीतलं पाणी भिंतीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं. जांभा तर छिद्रांचाच दगड. खाणीतून काढताना तो मऊ असतो, वाऱ्यावर टणक होतो, पण त्याच्या अंगातली छिद्रं तशीच राहतात. वर चढलेलं पाणी वाटेत जमिनीतले आणि भिंतीतले क्षार विरघळवून बरोबर आणतं. पाणी हवेत उडून जातं, क्षार मागं उरतात. जुनी माणसं यालाच 'लोणा लागला' म्हणतात. या क्षारांचे खडे बनताना ते फुगतात आणि आतून गिलाव्याला ढकलतात. रंग, पुट्टी, गिलावा, सगळं त्या रेट्यापुढं सुटून येतं. समोरून वाट बंद केली, तर पाणी थांबत नाही. वाट मिळेपर्यंत ते आणखी वर चढतं.

दुसरा फटका अक्षरशः बसला. पाळण्याजवळ रात्रीचा दिवा हवा म्हणून त्या भिंतीवरच्या जुन्या बोर्डावर बटण दाबलं, तर बोटाला मुंग्या आल्या. वायरमननं उघडून दाखवलं. ओलीनं आतले स्क्रू गंजले होते आणि अर्थिंगची तार कुठंच जोडलेली नव्हती. मी म्हटलं, "आपल्याकडं एमसीबी आहे की!" तो म्हणाला, "एमसीबी वायरीला सांभाळतो. माणसाला सांभाळायला आरसीसीबी लागतो." जाणारी वीज आणि परत येणारी वीज यांचा हिशेब हे यंत्र सतत तपासत असतं. मधल्या मधे वीज कुणाच्या अंगातून जमिनीत गेली, की ते क्षणार्धात प्रवाह तोडतं. घरासाठी तीस मिलिअँपिअरचा बसवतात. आम्ही तो बसवला, अर्थिंग नवं केलं आणि बोर्ड कोरड्या भिंतीवर नेला. माझ्या सगळ्या खर्चात हा एक खर्च पहिल्या दिवसापासून सार्थकी लागला.

तिसऱ्या फटक्यानं मात्र माझी खोड मोडली. खोलीच्या खिडकीला आणि दाराला हिरवा ऑइलपेंट होता. माझ्या लग्नाआधी, १९९५ साली दिलेला. रंगारी एव्हाना वैतागून दुसऱ्या कामावर गेला होता. घासायचं मशीन त्यानं ठेवलं होतं. म्हटलं, खिडकी आपणच घासू. तोंडाला रुमाल बांधून दोन तास मशीन चालवलं. हिरव्या धुळीनं खोली भरून गेली. त्याच वेळी दारात रिक्षा थांबली. लेक ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी आली होती, अब्बांना चकित करायला.

ती उंबऱ्यावर उभी राहिली. माझे केस, भुवया, सगळं हिरवं. तिला हसू यायला हवं होतं. पण ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिनं ओढणी नाकाला लावली आणि विचारलं, "अब्बा, हा रंग कधीचा?" मी साल सांगितलं. ती एक पाऊल मागं सरली. आपल्याच घरातून, सात महिन्यांचं पोट सांभाळत लेक मागं सरताना मी पाहिली.

त्या दिवशी तिनं अंगणात उभ्या उभ्या मला जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. रंग चमकावा, लवकर सुकावा, टिकावा म्हणून ते घालत. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर बंधनकारक मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. दहा लाख भागांत शिशाचे नव्वदहून अधिक भाग नसावेत, असा तो नियम. त्याआधीच्या रंगात शिसं आहे असं धरूनच चालावं. भिंतीवर, दारावर घट्ट बसलेला रंग फारसा त्रास देत नाही. तो सुटून धूळ झाला, की ती धूळ श्वासातून आणि हातातोंडातून शरीरात जाते. शिसं लहान मुलाच्या वाढत्या मेंदूला इजा करतं. आईच्या रक्तातलं शिसं वारेतून पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. इतकं शिसं चालेल अशी कुठलीच सुरक्षित पातळी ठाऊक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

डॉक्टरांनी धीर दिला. क्षणभर दारात उभं राहिल्यानं घाबरून जाऊ नका म्हणाले. पण घर नीट साफ होईपर्यंत तिनं तिथं राहू नये, हेही सांगितलं. लेक तिच्या खालाकडं गेली. माहेरपणाला आलेल्या मुलीची बॅग उंबऱ्यावरूनच परत फिरली.

रात्री जेवण कुणालाच गेलं नाही. भांडी आवरता आवरता बायको बोलली. "तुम्ही त्या भिंतीवर कविता लिहिलीत, तेव्हा पोर त्याच भिंतीला लागून झोपायची. दर पावसाळ्यात तिची छाती भरायची. बाळदमा म्हणून आपण औषधं दिली, वाफारे दिले. रात्र रात्र मी तिला उभी धरून बसायचे. तुम्हाला भिंतीवर ढग दिसायचे. मला बुरशी दिसायची."

पंचवीस वर्षं तिनं हे मनात ठेवलं होतं. लेकीचा बाळदमा त्या भिंतीमुळंच होता, असं कुणी डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. पण ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा आणि श्वासाचे विकार अधिक आढळतात, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ सालच्या मार्गदर्शिकेत लिहून ठेवलं आहे. माझ्या बायकोनं ती वाचलेली नाही. तिला ते तिच्या खांद्यावरच्या पोरीच्या श्वासातून कळलं होतं. मला टाळ्या मिळाल्या, म्हणून मी भिंतीकडं पुन्हा वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या गवंडी मिस्त्रींना बोलावलं. सत्तरी ओलांडलेली. त्यांनी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. आधी बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत गेले. काही ठिकाणी बद्द आवाज आला. मग बाहेर जाऊन अंगण पाहिलं, पन्हळ पाहिली, खिडकीच्या खालच्या कठड्यावर तांब्याभर पाणी ओतून ते कुठं जातं ते पाहिलं. "भाई," ते म्हणाले, "पाणी तीन वाटांनी येतं. वरून, बाजूनं आणि खालून. तुमच्याकडं तिन्ही वाटा चालू आहेत. आणि जायची एकच वाट होती, तीच तुम्ही बंद केलीत."

वरची वाट म्हणजे फुटकी पन्हळ. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडत होतं. बाजूची वाट म्हणजे खिडकीचा कठडा, त्याचा उतार बाहेर नसून आत होता. खालची वाट तर आम्ही मोठ्या हौसेनं केली होती. घर बांधलं तेव्हा जोतं अंगणापेक्षा दोन फूट उंच होतं. आम्ही १९९५ साली अंगणाला कोबा केला, २००५च्या पुरानंतर भराव घालून वर दुसरा, २०२१ नंतर तिसरा. अंगण वाढत वाढत आतल्या जमिनीच्याही वर गेलं. त्या बाजूनं भिंत जणू पाण्यात पाय सोडून बसली होती.

आणि बंद केलेली वाट? माझ्या लग्नाआधी भिंतीवर चुन्याचा गिलावा होता. तो जुनाट दिसतो म्हणून मीच वडिलांच्या मागं लागून काढायला लावला आणि सिमेंटचा करून घेतला. तेव्हा सिमेंट म्हणजे प्रगती होती. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल हवेत निघून जायची. सिमेंटचा घट्ट थर तिला जाऊ देत नाही. डाग पडू लागले ते त्यानंतर. म्हणजे ज्या ओलीवर मी कविता लिहिली, ती आणलीही मीच होती.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं. मिस्त्री म्हणाले, "आमचा जुना हिशेब आहे. इंचाला महिना. दीड फुटाची भिंत, अठरा इंच. दोन्ही अंगांनी सुकली तर नऊ महिने."

नऊ महिने! ही बातमी लेकीला फोनवर सांगितली, तेव्हा ती कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. म्हणाली, "अब्बा, मग घाई करू नका. मीही केली नाही."

बाळाच्या आगमनाआधी ती खोली तयार करायचा हट्ट मी तिथं सोडला. आधी धूळ काढली. झाडू लावला नाही, कारण झाडूनं धूळ पुन्हा उडते. सगळं घर ओल्या फडक्यांनी तीन वेळा पुसलं, दर वेळी पाणी बदललं आणि फडकी टाकून दिली. खिडकीचा उरलेला रंग घासलाच नाही. तो पक्का बसला होता, त्यावर नव्या रंगाचे दोन हात दिले. कुठं घासणं अटळच असेल, तर पाणी मारून ओल्या पॉलिशपेपरनं घासावं आणि पोटुशी बाई व लहान मुलं त्या वेळी घरात नसावीत. मग माजघर निवडलं. कोरडं, उजेडाचं, दोन्हीकडून वारा येणारं. तुळईवर टोकदार दाभण टोचून वाळवी नाही ना, ते पाहिलं आणि पाळण्याच्या कड्या तिथं अडकवल्या. आठवड्यानं लेक घरी आली.

शेजारच्या एका आजींनी मायेनं सुचवलं, "रात्री त्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दारं लावून घ्या, भिंत चटकन सुकेल आणि बाळंतिणीला शेकही होईल." हे मात्र कुणीही करू नये. बंद खोलीत कोळसा जळला, की कार्बन मोनॉक्साईड वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस जातो. शिवाय बंद खोलीत ओल बाहेर पडणार कुठून? भिंत सुकते ती वाऱ्यानं.

डिसेंबरात नात झाली. मी तिच्या कानात अजान दिली. ती माजघरात पाळण्यात झोपायची आणि भिंतीपलीकडं मिस्त्रींचं काम हळूहळू चालायचं. ठोकाठोक असली की आम्ही मधलं दार लावून फटीला ओलं फडकं लावायचो. बाहेर भिंतीलगतचा दीड फूट रुंदीचा कोबा फोडून, आतल्या जमिनीच्या खालपर्यंत माती काढली. तिथं खडी भरली आणि पाण्याला निचरा दिला. पन्हळ बदलली, कठड्याचा उतार फिरवला. आत डागाच्या वर दोन हातांपर्यंत सिमेंटचा गिलावा काढून टाकला. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून, गोळा करून बाहेर टाकला. तो पाण्यानं धुतला असता तर विरघळून पुन्हा भिंतीतच गेला असता. मग उघडा चिरा तसाच ठेवला. हिवाळा, उन्हाळा. मेअखेर बाहेरून झावळ्यांचे झाप बांधले, आमची दादी बांधायची तसे.

पावसाळ्यानंतर माझ्या इंजिनिअर भाच्यानं एक सोपी परीक्षा सांगितली. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवायचा. दोन दिवसांनी पाहायचं. पाणी प्लास्टिकच्या मागं साचलं, तर ओल भिंतीतली. पुढच्या बाजूला साचलं, तर खोलीतल्या दमट हवेची. आमचं प्लास्टिक दोन्हीकडून कोरडं निघालं.

२०२४च्या नोव्हेंबरात चुन्याचा गिलावा झाला. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो खदखदतो, म्हणून ते काम मिस्त्रींनी डोळ्यांना चष्मा लावून अंगणात केलं आणि चुना बरेच दिवस मुरू दिला. हा चुना मुळात चुनखडी किंवा शिंपले भाजून केलेला. भिंतीवर चढल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साईड घेत राहतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. वर चुन्याचेच तीन पातळ हात दिले. पिस्त्याचा रंग राहिला. खोली पूर्ण झाली, तेव्हा तिची मालकीण पहिल्या वाढदिवसाला पोचली होती.

या सगळ्यातून मी काय शिकलो? घरात नवं माणूस येणार म्हटलं, की आपण रंगाच्या दुकानात धाव घेतो. त्याऐवजी आधी बाहेर जाऊन पन्हळ आणि अंगण पाहावं. ओलीवर काही फासण्याआधी ती येते कुठून ते शोधावं. आणि घरातली बाई 'ही खोली नको' म्हणाली, तर का म्हणून विचारावं. हा शेवटचा प्रश्न मी पंचवीस वर्षं उशिरा विचारला, तोही तिनंच उत्तर दिल्यावर.

२०२५च्या जुलैत लेक नातीला घेऊन आठ दिवस राहायला आली होती. बाहेर धो धो पाऊस. झोपायच्या वेळी मी उत्तरेच्या खोलीत डोकावलो. बायको पालथा हात भिंतीला लावून उभी होती. खाली लावला, मग कमरेइतक्या उंचीवर, मग कोपऱ्यात. नंतर काही न बोलता तिनं नातीची गादी तिथं अंथरली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)